चिकित्सेचा चौथा पाद

चिकित्सेचे पाद चार आहेत, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत म्हटलें आहे : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. पहिल्या तिघांचे गुण कोणताहि वैद्यकग्रंथ सांगेल; पण येथें चौथ्या पादाचे, म्हणजे खुद्द रोग्याचेहि चार गुण मोजून दिले आहेत, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते गुण होत. आपल्याला काय झालें व केव्हांपासून झालें याची रोग्याला आठवण असावी. वैद्यानें सांगितलेलें त्यानें पाळावें. त्याच्या मनांत भय नसावें. आणि आपलें दुखणें त्याला दुसऱ्यास नीट समजावून देतां यावें. या चार गुणांत आज्ञापालनाचा गुण एकच आहे. बाकीचे तीन असे आहेत कीं, ते अंगीं असलेला रोगी नुसता पडून राहून औषध घेणारा उरत नाहीं. तो चिकित्सेंत वैद्याचा भागीदार होतो.

या भागीदाराला चिकित्सेच्या बाहेर ठेवलें म्हणजे काय होतें, आणि त्याला पुन्हां आंत घेतलें म्हणजे काय होतें, याचा एक फार मोठा प्रयोग १८९६ सालापासून पुढें तीन-चार वर्षें आपल्या मुंबई-पुण्यांत झाला. कोणीं तो प्रयोग म्हणून केला नव्हता. प्लेगनें तो करवून घेतला. त्या काळच्या इतिहासांत रँडचा खून, चाफेकरांची फांशी, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या घटना इतक्या ठळक आहेत कीं, त्यांच्या गर्दींत अंथरुणावर पडलेला आजारी माणूस आपल्याला सहसा दिसत नाहीं. आज मला त्याच्याविषयीं बोलावयाचें आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना तापाचे कांहीं विलक्षण रोगी आढळले. कडकडून ताप, जांघेंत किंवा काखेंत गांठ, आणि थोडक्या दिवसांत मृत्यु. हा गांठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असें त्यांनीं २३ सप्टेंबर रोजीं म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढें स्पष्ट सांगितलें. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींची वस्ती. अरुंद गल्ल्या, अंधाऱ्या खोल्या आणि एकेका चाळींत दाटीवाटीनें राहणारीं कुटुंबें. वखारींतून उंदीर मरून पडत आहेत, हें तेथल्या माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. या उंदरांकडे आपण शेवटीं पुन्हां येऊं. त्या वेळीं मात्र त्यांच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा जाहीरनामा निघाला. घरांत शिरून तपासणी करावी, घर धुवून काढावें, आणि रोग्याची किंवा त्याच्या माणसांची इच्छा असो वा नसो, त्याला इस्पितळांत हलवावें, असे अधिकार त्यानें अधिकाऱ्यांना दिले. हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. साथ नवी होती, भयंकर होती, आणि युरोपांतील बंदरें मुंबईचा माल अडवतील अशी भीति सरकारच्या मानेवर बसली होती. तथापि या जाहीरनाम्यांत रोगी म्हणजे रोग ज्यांत सांठला आहे असें एक गांठोडें, तें एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेऊन ठेवलें कीं काम झालें, अशी समजूत गृहीत धरलेली होती. गांठोड्याला विचारावयाचें काय असतें ?

उत्तर लौकरच मिळालें. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळावर चालून गेले. (हेंच इस्पितळ पुढें कस्तुरबा रुग्णालय या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.) त्या धक्क्यानें जाहीरनाम्याची सक्ती कांहीं काळ सैल करावी लागली. पण कष्टकरी माणसें एका इस्पितळावर धांवून कां गेलीं, याचा विचार अधिकाऱ्यांपैकीं थोड्यांनींच केला. गांवांत तेव्हां नाना प्रकारच्या कंड्या पिकल्या होत्या. इस्पितळांत रोग्यांना मारून त्यांच्या अंगाची मोमियाई काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीं डांबर फांसलें म्हणून राणी रागावली आहे आणि तिला मुंबईकरांचीं काळजें हवीं आहेत. असें लोक एकमेकांना सांगत. आज हें ऐकून हंसूं येतें. पण या भोळसट गोष्टींच्या तळाशीं एक अगदीं कोरडें सत्य होतें. त्या दारांतून आंत गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, हें चाळींतल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. आंत आपल्या माणसाला पाणी कोण पाजील, कोणाच्या हातचें पाजील, त्याचे डोळे मिटतांना जवळ कोण असेल, याचें उत्तर कोणी देत नव्हतें. ज्याला विचारण्याची सोय नसते, तो आपलें उत्तर आपणच रचतो. त्यालाच आपण अफवा म्हणतों.

आणि मग एक दुष्टचक्र सुरू झालें. इस्पितळाचें भय म्हणून घरचे रोगी लपवीत. माळ्यावर, बिछान्यांच्या ढिगाआड, शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलींत माणसें दडविलीं जात. रात्रींतून एका मोहल्ल्यांतून दुसऱ्यांत, एका गांवांतून दुसऱ्यांत हलविलीं जात. लपविलेला रोगी सांपडे तो अखेरच्या घटकेला. अखेरच्या घटकेला आलेला रोगी इस्पितळांत मरे. तो मेला कीं इस्पितळाचें भय दुणावे, आणि पुढचा रोगी आणखी खोल लपविला जाई. म्हणजे ज्या उपायानें साथ आवरावयाची, तोच उपाय साथीला पाय देत होता. चरकांच्या भाषेंत बोलावयाचें तर, चारांपैकीं निर्देशकारित्व तेवढें सरकारनें मागितलें. आणि तें ज्या रीतीनें मागितलें त्या रीतीनें अभीरुत्व नष्ट झालें, व अभीरुत्वाबरोबर ज्ञापकत्वहि गेलें. घाबरलेला माणूस आपलें दुखणें सांगत नाहीं. तो तें झांकतो. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळ जवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती, आणि जाणाऱ्यांबरोबर प्लेगहि प्रवासाला निघाला होता.

१८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या वर्षाचा तो तिसरा कायदा. अवघ्या चार कलमांचा. पहिल्यांत त्याचें नांव व व्याप्ति. दुसऱ्यांत सरकारला वाटतील ते उपाय योजण्याचा अधिकार. तिसऱ्यांत न ऐकणाराला शिक्षा. आणि चौथ्यांत, कायद्याखालीं सद्भावनेनें कृति करणारावर कोणालाहि दावा लावतां येणार नाहीं, असें अभय. चरकांनींहि चारच पाद सांगितले होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. अभय त्या कायद्यांतहि होतें. फक्त तें रोग्यासाठीं नव्हतें. हा कायदा पुढें शंभरांवर वर्षें टिकला. १३ मार्च २०२० रोजीं कोविडच्या साथींत महाराष्ट्र सरकारनें तोच लागू केला, आणि त्याच वर्षीं त्यांत जी भर पडली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठीं. ती अवश्यच होती. परंतु डॉक्टरवर हात उगारला जातो तो प्रसंग, आणि १८९६ च्या ऑक्टोबरांतील आर्थर रोडचा प्रसंग, यांचें नातें काय, याचा विचार कलमांनीं होत नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. तेथें वॉल्टर चार्ल्स रँड हे प्लेगचे खास अधिकारी म्हणून १८९७ च्या फेब्रुवारींत आले, आणि १३ मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पुण्याच्या पेठांतून घरें तपाशीत हिंडल्या. या कामावर लष्करांतील गोरे व देशी मिळून सुमारें नऊशें अधिकारी व शिपाई होते. स्वयंपाकघर कोणतें आणि देवघर कोणतें, याचा भेद बुटांना कळत नव्हता. बायकांना रस्त्यावर आणून त्यांच्या काखा-जांघांची तपासणी होते, सामान जाळलें जातें, घरच्या सर्व माणसांना उचलून सेग्रिगेशन कँपांत नेलें जातें, अशा तक्रारी रोज होत होत्या. यांतल्या कांहीं अतिरंजित असतील. रँड यांची बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे : मुंबईची गत पाहिल्यावर पुणें तरी वांचवावें, असा त्यांचा निश्चय होता, आणि लष्करी माणसें अधिक शिस्तीचीं व लाच न खाणारीं म्हणून आपण तीं घेतलीं, असें त्यांना वाटत होतें. पण रोग्याच्या खाटेजवळ शिस्त हा गुण शेवटचा उपयोगीं पडतो, पहिला नव्हे.

या तक्रारींचें पुढें काय झालें, तें सांगण्यासारखें आहे. पंडिता रमाबाईंनीं त्याच वर्षीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत एक पत्र लिहिलें. आपल्या संस्थेंतील एका मुलीला प्लेगच्या इस्पितळांत व तेथून छावणींत नेण्यांत आलें, तेव्हां तिची काय दशा झाली, आणि त्या ठिकाणीं स्त्रियांची अब्रू सुरक्षित राहील अशी व्यवस्था नाहीं, हें त्यांनीं नांवानिशीं लिहिलें. रमाबाई सरकारच्या शत्रु नव्हत्या. त्या ख्रिस्ती होत्या, आणि पुण्याच्या सनातनी मंडळींशीं त्यांचें हाडवैर होतें. म्हणजे त्यांचा शब्द कोणा राजकीय पक्षाचा नव्हता. तो इस्पितळाचा उपयोग ज्यांना करावा लागला त्यांचा शब्द होता. सरकारनें तो खोडून काढला. पत्रांत जें लिहिलें होतें त्याची दाद इस्पितळाच्या आवारांत जाऊन लावावी, असें वाटण्याऐवजीं सरकारची प्रतिष्ठा सांभाळावी असेंच अधिकाऱ्यांना वाटलें.

दुसरी कथा नामदार गोखल्यांची. ते त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारें त्यांनीं तेथील वर्तमानपत्राला सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत सांगितली, आणि एकच गहजब झाला. हिंदुस्थानांत परत आल्यावर त्यांना पुरावा उभा करतां येईना. ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांचीं नांवें त्यांनीं उघड केलीं नाहींत, आणि पुढें येऊन साक्ष देण्यास कोणी तयार झालें नाहीं. तेव्हां ऑगस्ट १८९७ मध्यें गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली, व त्याबद्दल स्वकीयांचे टोमणे पुढें कित्येक वर्षें सोसले. त्यांच्या सचोटीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला यांत दुसरेंच कांहीं दिसतें. घरांत शिपाई शिरलेला, माणूस छावणींत गेलेला, आणि घडलें तें सांगावें तर अब्रू चव्हाट्यावर येणार, अशा स्थितींत कोण साक्ष देईल ? जेथें रोग्याला निर्भयपणें तक्रार सांगण्याची जागा नसते, तेथें खरी तक्रार आणि खोटी तक्रार यांतला फरकहि नाहींसा होतो. यानें नुकसान रोग्याचें होतें, तसें इस्पितळाचेंहि होतें. कारण सुधारावें काय, हें त्याला कळावें कसें? पुढें पुण्यांत प्लेग पुन्हां उद्भवला, तेव्हां हेच गोखले स्वयंसेवक होऊन तपासणीच्या कामांत सामील झाले. मला वाटतें, त्या माफीचें खरें उत्तर तेंच होतें.

तोंवर एका वेगळ्या दिशेनेंहि पावलें पडूं लागलीं होतीं, आणि आजच्या आपल्या विषयाचा गाभा येथें आहे. मुंबईंत १८९७ च्या मार्चमध्यें ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग-समिति नेमली गेली. गॅटेकर लष्करी पेशाचे. घरोघरची तपासणी, छावण्या, रेल्वेवरील अडवणूक, हें सारें त्यांच्याहि अमदानींत झालें. परंतु या समितीनें निरनिराळ्या समाजांना आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढण्यास नुसती परवानगी नव्हे, उत्तेजन दिलें. पारशी, जैन, खोजे अशा एकेका समाजानें वर्गण्या जमविल्या, जागा मिळविल्या, आणि तात्पुरत्या छपरांखालीं इस्पितळें भराभर उभीं राहिलीं. पुण्यांत टिळकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिंदु प्लेग-इस्पितळ उघडलें. शहरांतील पुढारी मंडळी साथीला भिऊन बाहेर गेली असतां टिळक गांवांत राहिले, इस्पितळांत जात-येत राहिले, आणि पळून गेलेल्या प्रतिष्ठितांची त्यांनीं 'केसरी'तून चांगलीच हजेरी घेतली.

या इस्पितळांत नवें काय होतें ? औषध तर मुळींच नवें नव्हतें. प्लेगवर गुणकारी असें औषध त्या वेळीं जगांत कोणाजवळच नव्हतें; स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें यावयाला १९४० नंतरचें दशक उजाडावें लागलें. डॉक्टरहि त्याच विद्येंत शिकलेले. म्हणजे पहिले दोन पाद जसेच्या तसे. बदलले ते शेवटचे दोन. खाटेजवळ घरचें माणूस बसूं शकत होतें. पेज कोणीं केली हें ठाऊक होतें. बाईच्या अंगाला हात कोण लावणार, हें आधीं विचारतां येत होतें. जो गेला त्याचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीनें होत होते. आणि इस्पितळाच्या व्यवस्थेंत कांहीं उणें दिसलें, तर तें ज्याला जाऊन सांगावें असा माणूस आपल्याच गल्लींतला होता. त्यानें कानाडोळा केला तर पुढच्या वर्गणीच्या वेळीं त्याला तें ऐकून घ्यावें लागे. ज्या रोगांत शुश्रूषा हीच जवळ जवळ सगळी चिकित्सा, त्यांत हे बदल वरवरचे नव्हते. रोगी ग्लानींत काय बडबडतो, त्यानें सकाळपासून पाणी घेतलें कीं नाहीं, गांठ कालच्यापेक्षां दुखते कीं कमी दुखते, हें दिवसांतून एक-दोनदां फेरी घालणाऱ्या डॉक्टरला दिसत नाहीं. उशाशीं बसलेल्या आईला दिसतें. सक्तीच्या इस्पितळानें ही बातमी देणारी व्यक्तीच दाराबाहेर उभी केली होती. नव्या इस्पितळानें तिला आंत घेतलें, आणि लपविला जाणारा रोगी उघडपणें दाराशीं येऊं लागला.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. 'लोकांचें सहकार्य' असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां लोक म्हणजे कोण, हें विचारलें पाहिजे. ही इस्पितळें जातींचीं होतीं, आणि जातींच्या वतीनें बोलत ते शेठ, महाजन, वकील आणि संपादक. ज्यांच्या जातीला शेठ नव्हता त्यांचें काय ? कोंकणांतून गिरणींत आलेला एकटा माणूस, ज्याच्या उशाशीं बसायला मुंबईंत कोणी नव्हतें, त्याला आर्थर रोडखेरीज गति नव्हती. आणि ज्यांना सवर्णांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतें, त्यांना सवर्णांच्या इस्पितळांत खाट कोठून मिळणार ? यासाठीं सावित्रीबाई फुल्यांचें स्मरण केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथें आणलें, आणि त्या शुश्रूषेंतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रँडच्या तुकड्या पुण्याच्या पेठांत शिरल्या त्याच्या तीनच दिवस आधींची ही गोष्ट. त्या मुलासाठीं कोणत्याहि समितींत कोणी बोलत नव्हतें.

सहकार्याचें दुसरें क्षेत्र म्हणजे लस. वाल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईंत आले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत ती स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांना टोंचली गेली. कैद्याची 'स्वेच्छा' ही चीज कितपत खरी, असा प्रश्न आज आपल्याला पडतो, आणि तो पडावाहि. त्या काळीं तो फारसा कोणाला पडला नाहीं. परंतु तुरुंगाबाहेर माणूस मोकळा होता. त्याला ती सुई घ्यावी असें वाटावें कसें ? एक तर टोंचल्यावर ताप येई, हात सुजे. आणि दुसरें, ती देणारा परका.

येथें खोजा समाजाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. त्यांचे धर्मगुरु आगाखान, सुलतान महंमदशाह, तेव्हां ऐन विशींत होते. अनुयायांना नुसता हुकूम सोडण्याऐवजीं त्यांनीं सर्वांसमक्ष स्वतःला लस टोंचून घेतली, आणि ही बातमी जितकी पसरेल तितकी पसरूं दिली. त्यांनीं आपली 'खुश्रू लॉज' ही वास्तु हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठीं दिली, आणि हजारों खोजांनीं लस घेतली. यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या समाजांतील टोंचलेल्या व न टोंचलेल्या माणसांमधील मृत्यूंची तुलना हा पुढें लशीच्या गुणाचा एक पुरावा झाला. ज्यांच्यावर उपचार व्हावयाचा, ते त्या उपचाराची परीक्षा करण्यांतहि सहभागी झाले. लस घेतलेला खोजा हा हाफकिन यांचा नुसता रोगी किंवा नुसता अनुयायी राहिला नाहीं. तो त्यांचा साक्षीदार झाला. ही प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, आणि १९२५ मध्यें तिला हाफकिन यांचें नांव मिळालें.

हे धडे मात्र सरकारनें एकदां शिकून टाकले असें झालें नाहीं. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मदनपुऱ्याच्या विणकरांच्या वस्तींत तपासणी करणारी तुकडी एका आजारी मुलीला पाहावयास गेली. मुलगी अवघी बारा वर्षांची. घरच्यांनीं हरकत घेतली, जमाव जमला, दंगा झाला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. नंतर बंदरावरील व रस्त्यावरील कामकऱ्यांनीं काम टाकलें. दीड वर्षांपूर्वींच्या आर्थर रोडवरील प्रसंगाचीच ही पुनरावृत्ति. त्यानंतर मात्र सक्तीची धार हळूहळू बोथट करण्यांत आली. घरोघरची बळजबरीची झडती मागें पडली. त्या त्या वस्तींतील प्रतिष्ठित व स्वयंसेवक यांना कामांत घेण्याचें धोरण आलें. आणि लस कोणावर लादावयाची नाहीं, हें ठरून गेलें. प्लेग कांहीं लगेच हटला नाहीं. पुढच्या कांहीं दशकांत त्यानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, आणि कोणत्याहि धोरणाच्या बढाईला त्यानें जागा ठेवली नाहीं. पण माणसें इस्पितळांवर चालून जाण्याचे प्रसंग विरळ झाले.

आतां त्या उंदरांची गोष्ट. साथीच्या पहिल्या वर्षांत अधिकाऱ्यांचा सारा रोख माणसावर, त्याच्या कपड्यांवर, भिंतींवर आणि गटारांवर होता. कार्बोलिकनें घरें धुतलीं गेलीं, चुना फांसला गेला, कौलें उतरवून ऊन आंत सोडलें गेलें. रोग्याला उचलून नेत आणि त्याच्या घरांत, वखारींत, पडवींत उंदीर तसेच राहत. पाल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून, उंदराच्या अंगावरील पिसूमार्फत प्लेग पसरतो असें मांडलें; पण प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या प्लेग-कमिशनला तें पटलें नाहीं. पुढें १९०५ सालापासून परळच्या प्रयोगशाळेंत नव्या मंडळानें पद्धतशीर प्रयोग केले, गिनी-पिग पिंजऱ्यांत घालून प्लेगच्या घरांत ठेवले, पिसवा मोजल्या, आणि सिमाँ यांचें म्हणणें खरें ठरविलें.

म्हणजे मांडवींत उंदीर पडले त्याला नऊ वर्षें होऊन गेलीं होतीं. या नऊ वर्षांत ज्यांना पिसूची माहिती नव्हती, ज्यांना प्रयोगशाळा म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें, त्यांनीं एक गोष्ट मात्र ओळखली होती. घरांत उंदीर पडला कीं मागोमाग माणूस पडतें. हें कोणत्याहि कमिशननें त्यांना सांगितलें नव्हतें. त्यांनींच तें सांगण्याचा प्रयत्न केला होता, आणि अडाणी माणसांची समजूत म्हणून तें बाजूला पडलें होतें. देशावरच्या गांवोगांव तेव्हां रीत पडून गेली : आढ्यावरून उंदीर पडल्याची खबर आली कीं भांडीकुंडी गाडींत घालावयाचीं, दाराला कडी लावावयाची, आणि गांवाबाहेरच्या माळावर किंवा मळ्यांत गवताच्या झोपड्या घालून राहावयाचें. म्हातारी माणसें, बाळंतिणी, गुरें, सारें गांव माळावर. परळचा अहवाल छापून होण्याच्या आधीं कित्येक गांवांनीं असे दोन-तीन हंगाम झोपड्यांतून काढलेले होते.